वाळवणाच्या दिवसांतलं शिक्षण



एप्रिल उजाडला की आईवडील मला एकच प्रश्न विचारू लागतात. ‘सुट्टीत याला कुठं घालू?’ ‘हा’ असतो साडेतीन-चार वर्षांचा. मोठ्या बहिणीला पोहण्याचा वर्ग लावलेला असतो, शेजारच्या मुलाचं नाव चित्रकलेच्या शिबिरात घातलेलं असतं आणि धाकटा दिवसभर घरातच राहणार याची धास्ती वाटत असते. हे व्याख्यान ज्या बाईंच्या स्मरणार्थ दरवर्षी होतं, त्यांनी हयातभर तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम केलं. म्हणून आज हा प्रश्नच मी विषय म्हणून घेतला आहे.

उन्हाळा आणि ज्ञान यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. कोर्टकचेऱ्या आणि कॉलेजं बंद असतात, लोकांना सवड असते, अशा दिवसांत जाणत्यांनी बोलावं आणि इतरांनी ऐकावं, ही प्रथा पुढे गावोगावी रुजली. आपण सारे आज इथं जमलो तेही तिच्यामुळेच. मोठ्यांच्या उन्हाळ्याचा विचार आपल्या समाजानं असा फार पूर्वी केला. लहानग्यांच्या उन्हाळ्याचा विचार मात्र आजही मोठ्या मुलांच्या वेळापत्रकावरूनच होतो.

सुट्टी ही शाळेच्या मुलाची गोष्ट आहे. वर्षभर बाकावर बसून, परीक्षा देऊन ते थकतं, म्हणून त्याला सुट्टी. चार वर्षांच्या मुलाचं शिकणं जूनला सुरू होत नाही आणि एप्रिलला संपतही नाही. ते सकाळी डोळे उघडतं तेव्हा सुरू होतं आणि झोपेतही बहुधा चालूच राहतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नमूद आहे की, मेंदूच्या एकंदर विकासातला ८५ टक्क्यांहून अधिक भाग वयाच्या सहा वर्षांआधी होतो. हा आकडा हल्ली बालवर्गांच्या जाहिरातींत वापरला जातो आणि त्यातून ‘लवकर सुरू करा, लवकर लिहायला लावा’ असा अर्थ काढला जातो. मला हा अर्थ साफ चुकीचा वाटतो. ज्या वयात मूल हातानं, नाकानं, जिभेनं आणि माणसांच्या सहवासात शिकतं, त्या वयात त्याला पाटीपुढं बसवून ठेवणं म्हणजे त्याचे तेच दिवस खर्ची घालणं.

मग या दिवसांत त्याला द्यायचं काय? मला त्याचं उत्तर आपल्याच मातीतल्या एका कामात सापडतं.

ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या, १८९२ साली जन्मलेल्या. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य असताना त्यांच्या वाचनात माँटेसोरीबाई आल्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाईंनी तिथं १९२०मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. १९२६मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. इथवरचं काम मुख्यतः शहरांतल्या, शिकल्यासवरलेल्या घरांतल्या मुलांचं होतं. ताराबाईंना ते पुरेसं वाटेना. १९४५मध्ये त्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढची कित्येक दशकं दोघींनी मिळून काम केलं, आधी बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर.

बोर्डीत त्यांच्या लक्षात आलं की, वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येतच नाहीत. कोणाच्या कडेवर धाकटं भावंड, कोणाकडे गुरं. नुसता घरोघरी निरोप पाठवून भागणार नव्हतं. मग त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. एखाद्याच्या अंगणात, झाडाखाली ती भरे, ती अंगणवाडी. आधी मुलांची तोंडं धुवायची, नखं काढायची, मग गाणी, मग खेळ. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा असं सगळं एका आवारात आणलं, ती विकासवाडी. माँटेसोरीची साधनं महाग होती, शिवाय पाड्यावरच्या मुलांना ती परकीही होती. ताराबाईंनी त्यांच्या जागी बिया, शिंपले, पानं, काड्या, खडे घेतले. मुलाच्या भोवती जे आहे त्यातूनच क्रम, रंग, आकार, संख्या शिकवता येते, हे त्यांनी करून दाखवलं.

देशभर एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि त्या योजनेतल्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळालं. नाव सर्वदूर पोचलं. पण मुलाकडे आपण जायचं, त्याच्या घरातल्या जगण्यावरच शिक्षण उभं करायचं, हा त्यामागचा विचार तितका दूर गेला नाही. उन्हाळ्यात तो सगळ्यांत सहज अमलात येऊ शकतो, असं माझं म्हणणं आहे.

आता वाळवणाकडे येते.

कुरडया करायच्या म्हणजे गहू तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं. पाण्याला वास येऊ लागतो, गहू फुगतात, बोटानं दाबले की पांढरं दूध येतं. मग ते वाटायचे, पिळून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवून द्यायचा. सकाळी वर निवळ, खाली घट्ट चीक. चार वर्षांच्या मुलाला हे चार दिवस पाहू द्या. काल काय होतं, आज काय झालं, उद्या काय होईल, हे त्याला रोज विचारता येतं. काळाचा क्रम शिकवायला याहून चांगली गोष्ट मला सुचत नाही. शिवाय इथं घाई चालत नाही. गहू भिजायचे तेवढेच दिवस भिजणार, आणि वाट पाहणंही या वयात शिकायचं असतं.

सांडगे घाला. वाटलेल्या डाळीची चिमूट अंगठा आणि दोन बोटांनी उचलायची आणि पसरलेल्या कापडावर टेकवायची. एक, शेजारी दुसरी, मधे थोडी जागा सोडून तिसरी. पुढं पेन्सिल धरायला हीच पकड लागते. शंभर सांडगे घालणाऱ्या मुलाच्या बोटांना जी ताकद येते ती ठिपके जोडण्याच्या वहीतून येत नाही. शिवाय ओळीत मांडणं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येणं, डावीकडून उजवीकडे जाणं, हे सारं त्या कापडावर आपोआप होतं. त्याची ओळ वाकडी होईल, सांडगे लहानमोठे होतील. होऊ देत, तळताना सगळे फुलतात.

मग गच्चीवर किंवा अंगणात कावळ्यांची राखण. हे खरं काम आहे आणि मुलाला ते खरं असल्याचं कळतं. आपण राखलं नाही तर पापड जाईल, हे त्याच्या लक्षात येतं. त्याला लुटुपुटीची मदत देऊ नका. रिकामी वाटी हातात देऊन ‘तू पण कर’ म्हटलेलं त्याला चटकन उमगतं आणि ते उठून जातं. थोडं का होईना, ज्याच्यावर घराचं काही अवलंबून आहे असं काम त्याच्यापुढं ठेवलं की ते तासभर हलत नाही.

पन्ह्याचीही एक गंमत सांगते. पसरट पातेल्यातलं पन्हं उंच पेल्यात ओता. चार वर्षांचं मूल ठामपणे म्हणेल, पेल्यात जास्त आहे. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी नेमका हाच प्रयोग मुलांबरोबर केला आणि दाखवलं की, भांडं बदललं तरी प्रमाण तेच राहतं हे मुलाला साधारण सहा-सात वर्षांच्या सुमाराला पटतं. त्याआधी कितीही समजावलं तरी ते पटत नाही. म्हणून समजावू नका. त्याला ओतू द्या, पुन्हा पातेल्यात घालू द्या, सांडलं तर पुसू द्या. त्याच्या हातून जितक्या वेळा ओतलं जाईल तितकी ती समज जवळ येईल.

आंब्याची अढी घातली असेल तर मुलाला रोज सकाळी तिच्याजवळ न्या. कच्चा कोणता, पाडाला आलेला कोणता, पिकलेला कोणता, उतरलेला कोणता. हातानं दाबून, नाकाशी नेऊन, रंग बघून ते वेगवेगळे ढीग करील. एकाच वस्तूचे तीन-चार गुण एका वेळी ध्यानात ठेवून वर्गवारी करणं ही गणिताची पूर्वतयारी आहे. कोकणात रातांब्यांच्या साली रसात बुडवून पुन्हापुन्हा वाळवतात, त्यांचं आमसूल होतं. देशावर चिंच फोडून चिंचोके वेगळे काढतात. गोंदिया-गडचिरोलीकडे मोहफुलं वेचतात. कोणत्याही जिल्ह्यात जा, उन्हाळ्याचं काम म्हणजे निवडणं, वेगळं काढणं, वाळवणं, मोजून ठेवणं. चार वर्षांच्या मुलाला याच क्रिया शिकायच्या असतात.

सगळ्यांत मोठा लाभ भाषेचा. निवडणं, पाखडणं, चाळणं, वाटणं, गाळणं, कालवणं, मळणं, लाटणं, उकडणं: मराठीतल्या या क्रिया पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाहीत. आजी पाखडते आणि ‘बघ, फोल कसं पुढं येतं’ म्हणते, त्या क्षणी शब्द आणि कृती एकत्र मुलाच्या आत जातात. घरात अहिराणी असेल, कोरकू असेल, वारली असेल, तर त्याच भाषेत बोला. प्रमाण मराठी मुलाला पुढं मिळेलच. घरची भाषा भरभक्कम असलेलं मूल दुसरी भाषा लवकर घेतं. आणि बोलताना नुसत्या सूचना देऊ नका. ‘हे उचल, तिकडे ठेव’ एवढ्यानं मुलाचं बोलणं वाढत नाही. ‘तुला काय वाटतं, हा पापड आज वाळेल का?’ असं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. उत्तराला वेळ लागतो, आणि आपण मधेच बोललो की ते मूल गप्प होतं.

माझ्यापुढं बसलेल्या आयांच्या मनात आता काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. मूल हाताशी घेतलं की काम दुप्पट वेळ घेतं आणि तो वेळ बाईच्याच वाट्याचा जातो. हे खरं आहे. म्हणूनच हे काम आईच्या एकटीच्या गळ्यात घालायला मी आलेले नाही. कुरडईचा सोऱ्या दाबायला जोर लागतो, तिथं बाप बसू शकतो. मुलगे सांडगे घालू शकतात. मुलींना लवकर कामाला लावायचं आणि मुलग्यांना अंगणात सोडायचं, हा भेद तर या वयात कुठंच नसावा, कारण इथं आपण घरकामाचं प्रशिक्षण देत नाही, मुलाच्या बुद्धीला खाद्य देतो आहोत. ज्यांच्याकडं गच्ची नाही, जे वाळवण बचत गटाकडून विकत घेतात, त्यांनी खंत करू नये. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, मेथी निवडणं, दुधाच्या पिशव्या मोजून पिशवीत भरणं, चाळीच्या गॅलरीत ओले रुमाल चिमट्यांनी लावणं, यांतूनही तेच होतं.

ऊन मात्र विसरू नका. लहान मुलाच्या शरीरातलं पाणी मोठ्यांपेक्षा लवकर कमी होतं. दुपारी बारा ते चार घरात, दर थोड्या वेळानं पाणी, सरबत, ताक. बाहेरचं खेळणं सकाळी आणि संध्याकाळी. चिंचोके आणि शेंगदाणे तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. आणि गावातली विहीर, तळं, पाटाचं पाणी याकडे मूल एकटं जाणार नाही, याची जबाबदारी घरातल्या एका ठरावीक मोठ्या माणसाकडे असावी. सगळ्यांचीच जबाबदारी म्हटलं की कोणीच बघत नाही.

सकाळच्या वेळी बाहेर पाहण्यासारखं पुष्कळ असतं. या दिवसांत कावळे घरटी बांधतात आणि कोकीळ त्यांच्याभोवती घिरट्या घालतात. कुहूकुहू नर करतो, मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. चार वर्षांच्या मुलीला ही हकिगत सांगून बघा, आठवडाभर ती मान वर करून चालेल. बहावा आणि गुलमोहर फुललेले असतात. खाली पडलेल्या पाकळ्या वेचून तिला हवं ते करू द्या.

शिबिरांबद्दल थोडक्यात. पाच वर्षांखालच्या मुलाला शिबिराची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघंही नोकरीला जाणारे पालक, घरात तिसरं कोणी नाही, अशांना सोय म्हणून पाठवावं लागतं, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त पाठवण्याआधी तिथं जाऊन बघा: सावली आणि पाणी आहे का, एका ताईमागे किती मुलं आहेत, आणि शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाची तालीम करण्यातच सगळे दिवस जाणार नाहीत ना. मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यापुढं दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ बसू नये, आणि जितका कमी तितकं बरं. दुपारच्या चार तासांत हा नियम सगळ्यांत जास्त मोडतो. त्या वेळेला गोष्ट ठेवा, भातुकली ठेवा, सागरगोटे ठेवा, आणि काहीच नको असेल तर मुलाला नुसतं लोळू द्या. कंटाळा आला की मूल स्वतःहून काहीतरी शोधतं.

गेल्या काही वर्षांत राज्यात एक चांगली गोष्ट घडली आहे आणि तिचं मोकळेपणानं स्वागत करायला हवं. २०२२पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये एक मेळावा, जूनमध्ये दुसरा. मूल आईबरोबर टेबलाटेबलांवर जातं, उड्या मारतं, वस्तू गटांत लावतं, चित्र पाहून बोलतं, मोजतं. कुठं काय जमलं ते विकासपत्रावर नोंदतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते या दोन मेळाव्यांच्या मधलं काम. गल्लीगल्लीत मातांचे गट केले जातात, त्यांना सोप्या कृती दिल्या जातात, आणि त्या आपसांत, ओट्यावर, झाडाखाली मुलांकडून करून घेतात. शाळा कधी न पाहिलेली बाई आपल्या मुलाला भेंडीच्या देठांवर गणित शिकवते आणि शेजारणीला दाखवते. ताराबाईंनी पाड्यावर केलं ते हेच. हे काम पहिलीच्या उंबरठ्यावर न थांबता तीन वर्षांच्या मुलापर्यंत खाली यायला हवं.

आणि आता ज्या मुलांपर्यंत यातलं काहीच पोचत नाही त्यांच्याविषयी. आजच्या बोलण्यातला हाच भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

बीड जिल्ह्यातून, मराठवाड्याच्या आणि नगरच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगार निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, घराला कुलूप लागतं. मोठ्या मुलांना मागं ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ती पुरेशी नसली तरी आहेत. पण तीन-चार वर्षांचं मूल आईला सोडून राहू शकत नाही, ते तिच्याबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत जातं. पहाटे आई फडात जाते, मूल पाचटावर झोपलेलं असतं किंवा सहा वर्षांच्या बहिणीच्या हवाली असतं. अंगणवाडीचे ऐन भराचे महिने असे फडावर जातात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे तोडणीचा हंगाम संपतो, माणसं गावी परततात, घरांची कुलपं निघतात. आणि नेमक्या त्याच वेळी गावात उन्हाळ्याच्या सुट्टीची हवा असते.

ठाणे-पालघर-रायगडच्या कातकऱ्यांचं याहून वेगळं. ते दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथंच असतात. त्यांच्या मुलांचा सगळा उन्हाळा भट्टीच्या धुळीत, विटांच्या रचाईमध्ये जातो. वाळवण, अढी, आजीची गोष्ट यांचं मी आत्ता जे वर्णन केलं, त्यासाठी एक घर आणि घरात मोकळा बसलेला एक मोठा माणूस लागतो. या मुलांकडे उन्हाळ्यात त्यातलं काही नसतं.

म्हणून माझं मागणं असं आहे. ऊसतोडीच्या गावांत एप्रिल ते जून हे अंगणवाडीचं मुख्य सत्र धरलं जावं. सेविका आणि मदतनीस मानधनावर राबतात, त्यांच्या सुट्टीचा एक दिवसही कमी होता कामा नये. ती त्यांना वर्षात इतर वेळी मिळावी आणि या तीन महिन्यांसाठी जादा मानधन द्यावं. भरायची वेळ सकाळी साडेसात ते दहा, उन्हाच्या आत. परत आलेल्या मुलांचं वजन, उंची, लसीकरण पहिल्याच आठवड्यात तपासावं, आणि मग गाणी, गोष्टी, चिंचोके, माती. वीटभट्टीवर मात्र आपल्यालाच जावं लागेल. महाराष्ट्रात याआधी ऊसतोड मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. रस्ता माहीत आहे. त्यावरून तीन ते सहाच्या मुलांसाठी एक ताई, एक ताडपत्री, पाण्याचं पिंप आणि खाऊ एवढं घेऊन जायचं आहे.

कोणाचं घर दिवाळीनंतर बंद झालं, त्या घरात किती लहान मुलं आहेत आणि ती कधी परतणार, हे गावच्या अंगणवाडीताईंना आधीच ठाऊक असतं. ही नावं फेब्रुवारीत ग्रामपंचायतीसमोर वाचली जावीत आणि मार्च संपायच्या आत तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचावीत. इथं आजूबाजूच्या गावांचे सरपंच बसले आहेत, ताया बसल्या आहेत. येत्या वर्षाच्या यादीचं काम कोण करणार, हे आपण सभा उठण्याआधी ठरवू. नावं लिहून घ्यायला मी इथं व्यासपीठापाशी थांबते आहे.